शंभराला एक

पुणे, ३ ऑगस्ट १९६९

ती. दस्तगीरमामांना गौराचा नमस्कार.

पत्राला महिना लागला, रागावू नका. इथल्या तंत्रनिकेतनात लेक्चरर म्हणून रुजू झाले. मुलं वर्गात येतात, फळ्याकडे न बघता माझ्याकडे बघतात आणि तास संपला की एकमेकांना कोपरानं ढोसत निघून जातात. मला त्याची सवय आहे. आपल्या कॉलेजात पहिल्या वर्षी शंभर जणांत मी एकटीच मुलगी होते. अप्पा मला गडहिंग्लजहून सोडायला आले, माळावरची चार पत्र्याची शेडं बघितली आणि म्हणाले, "ही काय शाळा? आपली तंबाखूची वखार बरी की." डबा खायला जागा नव्हती. तुम्ही तुमच्या पॅटर्न शॉपच्या माळ्याची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि कुणाला काही बोलला नाहीत. चार वर्षं मी तिथं भाकरी खाल्ली.

निघताना तुम्ही दिलेल्या पट्टीनं इथं माझी फजिती केली. खोलीत भिंतीच्या कोनाड्यात फळी बसवायची होती. माप तुमच्या पट्टीनं घेतलं आणि आकडा सुताराला सांगितला. त्यानं त्याच्या पट्टीनं फळी कापून आणली, तर चांगली अर्धा इंच आखूड. म्हणाला, "बाई, माप घेता येत नाही आणि इंजिनिअर कशा झालात?" तो गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साच्यासाठी लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, करणाऱ्याची पट्टी मुळातच शंभराला एक लांब असते. हे तुम्हीच पहिल्या दिवशी शिकवलं होतंत. फळी तशीच बसवली आहे. एका बाजूनं कागदाची घडी सारली आहे.

घरमालकीणबाई चांगल्या आहेत, पण संध्याकाळी सहानंतर माझ्याशी बोलायला कुणी नसतं. कोल्हापूरला शिकवायची जागा निघाली की मला कळवा. मी त्याच दिवशी अर्ज टाकीन. कुलसुममामींना नमस्कार.

तुमची
गौरा

*

कोल्हापूर, २० ऑगस्ट १९६९

चि. गौरास दस्तगीर मिस्त्रीचे अनेक आशीर्वाद.

फळीची गोष्ट कुलसुमला वाचून दाखवली. ती हसून हसून चुलीपासून उठून बाहेर गेली. सुताराचं काही चुकलं नाही. ती पट्टी लोखंडासाठी आहे, फळीसाठी नाही. घरातली मापं घ्यायला साधी पट्टी विकत घे.

इकडं मुख्य इमारतीचा पाया खणला. वर मुरूम, खाली काळा पाषाण. सुरुंग उडाला की शेडचे पत्रे थरथरतात आणि पोरांना तेवढंच निमित्त मिळतं बाहेर पळायला. फौंड्रीत परवा पहिला पाण्याचा पंप ओतला. नमुना माझा. प्राचार्य साहेब स्वतः बघायला आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हे कॉलेज एक दिवस मोठं होणार. मी सातवी शिकलेला माणूस. उद्यमनगरातल्या फौंड्रीतनं उचलून मला त्यांनी इथं आणलं आणि इंजिनिअर होणाऱ्या पोरांना शिकवायला उभं केलं. मोठं झालंच तर त्यात आपलेही दोन खिळे असतील.

जागा नाही. निघाली की आकाराम शिपाई मला आधी सांगेल, कारण नोटीस फळ्यावर लावायच्या आधी तो ती स्वतः वाचतो. आमच्या घरात पोरंबाळं नाहीत हे तुला माहीत आहे. तू होतीस तेव्हा शॉपमध्ये आपलं कुणीतरी आहे असं वाटायचं. आता साडेपाचला मीच कुलूप लावतो आणि सायकल काढून गडमुडशिंगीचा रस्ता धरतो.

दस्तगीर

*

कोल्हापूर, १५ नोव्हेंबर १९७४

चि. गौरास आशीर्वाद.

तुझी कुलसुममामी गेली. चाळिसावा झाला. तुला तार करायची होती, पण तार करून काय लिहायचं तेच सुचेना. जूनमध्ये इथल्या जागेच्या मुलाखतीला आलीस तेव्हा तू आमच्याकडं जेवलीस, त्यानंतर ती उठून स्वयंपाकाला बसली नाही.

मुलाखतीचं काय झालं ते तू विचारलंस, मी टाळत होतो. सांगतो. गुणांत तूच वर होतीस. आकाराम दाराशी उभा होता. एक साहेब म्हणाले, वर्कशॉपवर देखरेख ठेवायला बाई कशी चालेल, कामगार ऐकणार नाहीत. आकाराम मला म्हणाला, "मिस्त्री, मला आत जाऊन सांगावंसं वाटलं, तिचं आमी चार वर्सं ऐकलंय. पन शिपायाचं कोन ऐकतंय?" जागा साताऱ्याच्या एका मुलाला मिळाली. मुलगा वाईट नाही. रंधा उलटा धरतो.

इमारतीला तीन मजले झाले. वसतिगृहात दोनशे पोरं राहतात. परदेशातनं मोठमोठी यंत्रं आली, त्यांचे खोके फोडून फळ्या माझ्याकडं दिल्या. लाकूड उत्तम निघालं. दिवसभर गजबज असते, घरी आल्यावर मात्र भांड्याचा आवाजही माझ्याच हातचा. तू पत्र लिहीत जा. मला लिहायला उशीर झाला तरी तू लिहीत जा.

दस्तगीर

*

कोल्हापूर, ११ जानेवारी १९८०

चि. गौरास आशीर्वाद.

यंदा दोन बातम्या आहेत. एक आनंदाची. आपलं कॉलेज आता नुसतं कॉलेज राहणार नाही, त्याचं स्वतंत्र तंत्रविद्यापीठ होणार. स्वतःच्या परीक्षा, स्वतःच्या पदव्या. माळावर कुंपण घालायचं काम चालू आहे, ते एवढं लांब की मला सायकलनं वळसा घालून यावं लागतं. यंदा एकतीस मुली आहेत. त्यांना वेगळी खोली आहे, पंखा आहे, आरसासुद्धा आहे. मी बाहेरनंच बघितली.

दुसरी बातमी आकारामनं दिली. "मिस्त्री, कालेजचं इद्यापीठ व्हनार हाय. पन तुमचं काय व्हनार, ते आदी बगा." विद्यापीठाच्या नियमाप्रमाणं वर्कशॉपमध्ये शिकवणाऱ्याकडं प्रमाणपत्र पाहिजे. माझ्याकडं काय आहे? हात आहेत. ज्यांच्याकडं कागद नाही त्यांची एप्रिलअखेर परीक्षा. एक लेखी पेपर आणि एक हातानं करायचं काम. पास झालो तर आहे तिथंच. नापास झालो तर मदतनीस, म्हणजे लाकूड उचलायचं, भुसा झाडायचा, आणि शिकवायला उभं राहायचं नाही.

पगाराचं मला एवढं नाही, एकट्याला किती लागतं. पण मुलांपुढं उभं राहायचं नाही म्हटल्यावर मी दिवसभर कुणाशी बोलू? हातकामाची मला भीती नाही. लेखी पेपरात मात्र इंग्रजी शब्द असतात म्हणे. तुझा धंदाच शिकवायचा. मला शिकवशील का? लाज वाटते, पण तुला विचारायला लाजून कसं चालेल.

दस्तगीर

*

पुणे, २७ जानेवारी १९८०

मामा,

लाज वाटते म्हणून पुन्हा लिहिलंत तर धडा पाठवणार नाही. दर रविवारी एक कागद येईल. डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे आपला शब्द. तुम्हाला हे सगळं येतं, फक्त त्याची नावं परकी आहेत. 'टॉलरन्स' म्हणजे मापात चालते ती सूट. 'चॅम्फर' म्हणजे तिरपी मारलेली कड. प्रत्येक कागदाखाली पाच प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं परतीच्या टपालानं पाठवायची. उशीर झाला तर गुण कापीन.

आपल्या विद्यापीठाची बातमी इथल्या वर्तमानपत्रात आली होती. मुलींची संख्या वाचून मी कात्रण काढून ठेवलं. त्या एकतीस जणींपैकी कुणाला माझं नावही माहीत नसेल, आणि ते बरंच आहे. मला इथं अकरावं वर्ष चालू आहे आणि अजून स्टाफरूममध्ये आत गेले की बोलणं थांबतं. रविवारी तुमचा धडा लिहायला बसते तेव्हा वेळ कसा जातो कळत नाही. म्हणजे उपकार तुम्हीच माझ्यावर करताय.

गौरा

*

कोल्हापूर, ९ मार्च १९८०

गौरा मास्तरणीस दस्तगीर विद्यार्थ्याचा नमस्कार.

सहाव्या धड्याची उत्तरं सोबत. 'डोव्हटेल' म्हणजे कबुतराची शेपूट हे वाचून मी कपाळावर हात मारला. आमच्या फौंड्रीत त्या सांध्याला 'दावटेल' म्हणायचे. मला आजवर वाटत होतं, जनावराच्या दाव्यावरनं पडलं असेल नाव, कारण तो सांधा दाव्यासारखा धरून ठेवतो. आणि मी हे पंधरा वर्षं पोरांना सांगत आलो. एकही पोरगं उलट बोललं नाही. इंजिनिअर झाली ती सगळी.

पाठांतर सायकलवर करतो. मुडशिंगीच्या फाट्यावर परवा एका पावण्यानं हटकलं, "मिस्त्री, कुनाशी बोलताय?" म्हटलं, परीक्षा हाय. तो म्हणाला, "या वयात?" म्हटलं, व्हय की, या वयातच कळतंय काय येत न्हाय ते.

पाचवा प्रश्न सुटला नाही, तो मोकळा सोडला आहे. तू म्हणाली होतीस, येत नसेल तर खोटं लिहू नका.

दस्तगीर

*

कोल्हापूर, २ मे १९८०

चि. गौरास आशीर्वाद.

परीक्षा झाली. लेखी पेपरात दहापैकी आठ प्रश्न तुझ्या कागदातले. पर्यवेक्षकानं माझ्याकडं दोनदा वाकून बघितलं, मी कॉपी करतोय का म्हणून.

हातकाम म्हणशील तर लाज वाटावी इतकं सोपं. एक लाकडी खोकं, चारी कोपऱ्यांना दावटेल, म्हणजे तुझं डोव्हटेल. टेबलावर त्यांनी स्वतःची हत्यारं ठेवली होती. रंधा घेतला, पटाशी घेतली, बाकी परक्या हत्याराला हात लावायचा माझा स्वभाव नाही. पाच तास दिले होते, माझं तीन तासांत झालं. शेजारच्या टेबलावर सांगलीचा एक जण होता, त्याचा सांधा बसेना, घामाघूम झाला होता. मला वाटत होतं उठून त्याला दाखवावं. हात मागं बांधून उभा राहिलो.

कामावर फक्त नंबर ठोकला, नाव नाही. सगळी कामं पोत्यात भरून तपासायला पुण्याच्या मंडळाकडं पाठवणार म्हणाले. मी सहा वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी येताना मटण घेऊन आलो. एकट्याला अर्धा शेर जास्तच झालं.

दस्तगीर

*

पुणे, ३० मे १९८०

ती. मामांना नमस्कार.

पत्राला उशीर झाला. तुम्हाला सांगितलं नव्हतं, मंडळानं यंदा हातकाम तपासायला तीन परीक्षक नेमले, त्यांत मी होते. एका बाईला पहिल्यांदाच नेमलं. परीक्षेआधी कुणाला सांगायचं नाही असा नियम असतो. बावीस कामं होती. दोन दिवस लागले.

बरीचशी बेताचीच होती. नंबर चौदाच्या कामाचं मात्र वाईट वाटलं. सांधा असा की त्यात नख शिरेना. पण माप मोठं. तीनशे मिलिमीटर पाहिजे तिथं तीनशे तीन, दोनशेला दोनशे दोन, शंभराला एकशे एक. सूट अर्ध्या मिलिमीटरची होती. तिघांनीही नापासाचा शेरा मारला. कुणाचं होतं ते आम्हाला कळत नाही.

तुम्हाला तुमच्या कामाचा नंबर आठवत असेल तर कळवा.

इकडे उन्हाळा फार आहे. प्रकृतीला जपा.

गौरा

*

कोल्हापूर, १२ जून १९८०

चि. गौरास आशीर्वाद.

नंबर आठवतो. चौदा.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी निकालाची नोटीस लागली, त्यामुळं दोन्ही एकदमच वाचलं. आधी मला कळेना माप मोठं कसं झालं. मग शर्ट उतरवताना खिशातनं पट्टी खाली पडली. त्यांची साधी पट्टी टेबलावर होती, मी माझीच काढली. तीस वर्षं माझ्या हातात लाकूड आलं की पुढं त्याचं लोखंडच व्हायचं. लाकडाचं लाकूडच राहणार असं काम मी जन्मात केलं नव्हतं. कागदावर तीनशे लिहिलं होतं आणि माझ्या हातानं त्यात लोखंडाचं आकसणं धरून ठेवलं. कुणाला सांगायची सोय नाही, हसतील.

सोमवारपासून मी मदतनीस. पॅटर्न शॉपला नवीन मुलगा आला आहे, प्रमाणपत्रवाला. मी त्याला लाकूड आणून देतो. पोरं मला बघून गप्प होतात, मग त्याच्याकडं बघतात. पहिल्या दिवशी एकानं चुकून मलाच प्रश्न विचारला. मी म्हटलं, साहेबांना विचार.

नापास केलंस ते बरोबर केलंस. माप चुकलं म्हणजे चुकलं. तुझी पहिली खुंटी मी तीनदा परत करायला लावली होती, तेव्हा तू माळ्यावर जाऊन रडली होतीस, मला माहीत आहे. त्याचा राग तू धरला नाहीस, याचा मी धरणार नाही.

एक मात्र मनातून जात नाही, ते लिहितो. फळी आखूड झाली तेव्हा शंभराला एकाची भानगड तुला क्षणात कळली होती. तसलीच माझी एक पट्टी तुझ्या घरात आहे. माझा सांधा तू चार वर्षं बघितलास. माझं काम तू दोन्ही हातांत धरलंस, मापलंस, आणि ते माझं आहे हे तुला कळलं नाही. मला वाटायचं, जगात एक माणूस तरी माझं काम अंधारात चाचपून ओळखेल. त्या वाटण्यावर मी बरेच दिवस काढले.

दस्तगीर

*

पुणे, १८ जून १९८०

मामा,

मला कळलं होतं.

पोत्यातून बाहेर काढलं तेव्हाच कळलं, माप घ्यायच्या आधी. कड मारायची तुमची पद्धत दुसऱ्या कुणाची नाही. मग मापलं आणि शंभराला एक आलं, तेव्हा काय झालं असेल तेही कळलं. मी काम खाली ठेवलं.

दुसरे दोघे परीक्षक सकाळपासून गमतीनं म्हणत होते, "यातली काही कामं कोल्हापूरची आहेत, बाईंच्या माहेरची. बाई सांभाळून घेतील." एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, हसले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा चौदा नंबर समोर होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं. हा माणूस चुकलेला नाही, यानं ओतकामाची पट्टी वापरली आहे, प्रत्येक मापात सारखाच वाढावा आहे, याला साध्या पट्टीनं पुन्हा करू द्या. त्यांनी ऐकलंही असतं कदाचित. फार तर कुजबुज झाली असती. मला तेवढ्या कुजबुजीची भीती वाटली. अकरा वर्षांनी त्या टेबलाशी मला खुर्ची मिळाली होती, आणि मी शेऱ्याखाली सही केली.

मग तुम्हाला ते परक्यासारखं पत्र लिहिलं. सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. नंबर तुम्ही होऊन लिहाल, शिव्या द्याल, म्हणजे माझं ओझं उतरेल, असा माझा हिशेब. तुम्ही शिव्या दिल्या नाहीत. मी राग धरला नाही, असं तुम्हीच उलट माझ्याबद्दल लिहिलंत.

काल मंडळाला पत्र दिलं. काम मी ओळखलं होतं, चुकीचं कारण मला माहीत होतं आणि मी ते बोलले नाही, हे सगळं त्यात लिहिलं आहे. तुमची फेरपरीक्षा घ्यावी अशी विनंती केली आहे. नक्कल सोबत आहे. हे मी तेव्हाच करायला हवं होतं, माझ्याकडून झालं नाही. मला माफ करा असं लिहायला हात उचलत नाही.

गौरा

*

पुणे, २७ जुलै १९८०

मामा,

माझ्या मागच्या पत्राला उत्तर नाही. रविवार मोकळा जातो. मंडळाकडून काही आलं का तेवढं तरी कळवा. तेही नको असेल तर कोरं कार्ड टाका, म्हणजे तुम्ही बरे आहात हे कळेल.

गौरा

*

कोल्हापूर, २८ सप्टेंबर १९८०

चि. गौरास,

बरा आहे. कार्ड कोरं टाकवलं नाही.

मंडळाचं पत्र ऑगस्टमध्येच आलं. एकदा लागलेला निकाल बदलता येत नाही, फेरपरीक्षेची तरतूद नाही. तुझं नाव परीक्षकांतनं काढलं हे आकारामनं कुठूनसं आणलं. म्हणजे माझं गेलं ते आलं नाही आणि तुझं होतं तेही गेलं. विद्यापीठाचा नवा बोर्ड मात्र लागला, लांबनं दिसतो.

तू ओळखलं नाहीस असं वाटलं तेव्हा मला रडू आलं होतं. ओळखून गप्प बसलीस हे वाचलं आणि रडू थांबलं, राग आला. असा राग मला कुलसुम होती तोवर यायचा. तीन महिने मी घरी येतो, चूल पेटवतो आणि तुझ्याशी भांडतो. तू काय उत्तर देशील तेही मीच बोलतो, आणि त्यात दर वेळी तूच जिंकतेस. असं एकट्यानं भांडायला मला जमत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ये. तुला समोर बसवून चार शब्द सुनवायचे आहेत, आणि सुनवायला मला दुसरं कोणी नाही.

दस्तगीर